होडीचा पाय

पिंपरी-चिंचवडला समुद्र नाही, हे सांगायला भूगोलाचे पुस्तक नको. पवना आहे, मुळा आहे, आळंदीच्या वाटेवर इंद्रायणी आहे. पण आज त्यांच्याकडे पाहून कोणाला जलविहाराची इच्छा होईल असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. तेव्हा या सदरात आजवर गिझर, पाण्याचा पंप, सौ.चा मिक्सर आणि शेजाऱ्यांची स्कूटर यांच्या दुरुस्तीच्या हकिकती वाचलेल्या वाचकांना यंदा दिवाळीच्या फराळाबरोबर होडी वाढली, तर ‘हे गृहस्थ आता कुठे निघाले?’ असा प्रश्न पडणे साहजिक आहे.

परंतु आमच्या या कारखान्यांच्या गावाचे पाण्याशी अगदीच वावडे आहे असे मात्र समजू नका. दापोडीला लष्कराच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात नौकानयनाचे केंद्र आहे. नाशिक जिल्ह्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ, ज्याने लहानपणी पाणी पाहिले ते बहुधा विहिरीच्या तळाशी, तो सैन्यात जाऊन वल्ही मारायला शिकला आणि २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये एकट्याने वल्हवण्याच्या शर्यतीत तेरावा आला. आणि इंजिनांचे म्हणाल, तर खडकीचे किर्लोस्कर आणि चिंचवडचे रस्टन ही नावे किनाऱ्यावरच्या जुन्या तांडेलांना तोंडपाठ असत. घाटावर ओतलेले लोखंड घाटाखाली मासे आणीत असे. मी स्वतः चौतीस वर्षे पिंपरीच्या एका टूलरूममध्ये काढली. पण होडीच्या यंत्राला माझा हात लागला तो निवृत्त झाल्यावर, आणि तोही भाचेजावयांच्या कृपेने.

त्याचे असे झाले. माझ्या अक्काची मुलगी रेवदंड्याला दिलेली आहे. जावईबापू मोठे उमदे. घरच्या नारळ-सुपारीच्या वाडीत दोन खोल्या बांधून ते पाहुणे ठेवतात. दोन वर्षांपूर्वी त्यांनी मुंबईच्या एका हौशी गृहस्थाकडून वीस फुटी पांढरी शुभ्र होडी विकत घेतली. पाहुण्यांना खाडीतून कोर्लईच्या किल्ल्याकडे फिरवून आणायचे, असा बेत. परवाना झाला, तरंगजाकिटे आली, पहिला हंगाम बरा गेला. पैसे कुठून आले हे अक्काने मला नंतर हळू आवाजात सांगितले. भाचीच्या पाटल्या आणि सासूबाईंची मोहनमाळ पतपेढीत गहाण होती.

वैशाखात होडी गुरगुरू लागली. सरळ जाताना गप्प. सुकाणूचे चाक वळवले की मागच्या बाजूने मांजर डिवचल्यासारखा आवाज. पावसाळ्यापूर्वी होडी किनाऱ्यावर ओढून घेतली आणि मुंबईच्या एका दुरुस्तीवाल्याकडून अंदाज मागवला. तो आला एक लाख पंच्याऐंशी हजारांचा. त्या रात्री जावईबापूंचा मला फोन आला.

“मामा, तुमचा सगळा जन्म यंत्रांत गेला. तुम्ही एकदा नुसतं बघा.”

‘नुसतं बघा’ या दोन शब्दांचा अर्थ या सदराच्या वाचकांना मी समजावून सांगायला नको.

भाद्रपदात, पितृपक्षाच्या तिसऱ्या दिवशी, एका टेंपोतून ती वस्तू आमच्या दारात उतरली. उंची माझ्या छातीपर्यंत, रंग काळा, खाली पंखा. सौ. दारातच उभी राहिली.

“पितृपक्षात नवी वस्तू घरात घेत नाहीत.”

“ही नवी नाही,” मी म्हणालो, “सेकंडहँड आहे.”

आता ही वस्तू म्हणजे काय, ते सांगितल्याखेरीज पुढे जाता येणार नाही. होडीला इंजिन लावण्याच्या दोन जुन्या तऱ्हा आहेत. मच्छीमारांच्या बोटीत इंजिन पोटात असते आणि त्याचा लांबलचक दांडा तळातून भोक पाडून बाहेर जातो. त्याच्या टोकाला पंखा, मागे सुकाणू. दुसरी तऱ्हा म्हणजे सबंध इंजिनच होडीच्या पाठीवर बाहेर टांगायचे. तिसरी तऱ्हा या दोघींचे लग्न लावून झालेली. इंजिन आत, अगदी मागच्या फळीला खेटून; आणि फळीच्या बाहेर फक्त एक पाय, ज्यात दातेरी चाके आणि पंखा. हा पायच डावी-उजवीकडे वळतो, त्यामुळे वेगळे सुकाणू नको. आणि उथळ पाण्यात तो वर उचलता येतो. इंग्रजीत याला स्टर्नड्राइव्ह म्हणतात. रेवदंड्याला सगळे ‘लेग’ म्हणतात; मी ‘पाय’ म्हणतो.

हा पाय जगात आला १९५९ साली. जिम विन नावाचा एक अमेरिकन अभियंता होता. आदल्याच वर्षी त्याने पाठीवर इंजिने टांगलेल्या छोट्या होडीतून कोपनहेगनहून न्यूयॉर्कपर्यंत अटलांटिक ओलांडला होता. म्हणजे मनुष्य बसल्या जागी बसणारा नव्हे. त्याची कल्पना स्वीडनच्या व्होल्व्हो पेंटा कंपनीने उचलली आणि न्यूयॉर्कच्या नौका-प्रदर्शनात ‘अ‍ॅक्वामॅटिक’ या नावाने मांडली. इंजिन ८० अश्वशक्तीचे. त्यानंतर दोनच वर्षांनी अमेरिकेतल्या प्रतिस्पर्ध्यांनीही आपला पाय बाजारात आणला, आणि कल्पना मुळात कोणाची यावर पुढे पुष्कळ वाद झाला. आमच्या कारखान्यात साधा जिग कोणी सुचवला यावर दोन फोरमन चार वर्षे एकमेकांशी बोलत नव्हते, तेव्हा मला त्याचे नवल वाटले नाही.

या सगळ्या रचनेत नाजूक जागा एकच. इंजिन आत स्थिर आणि पाय बाहेर हलता. मग फिरती शक्ती फळीतून बाहेर न्यायची कशी? तर ट्रकच्या खाली जसा क्रॉस लावलेला दांडा असतो, तसा आखूड दांडा येथे असतो. सोळाव्या शतकातल्या कार्डानो या इटालियन पंडिताच्या नावाने त्याला कार्डन म्हणतात. पाय ज्यात टांगलेला असतो ती कडी म्हणजे जहाजावरचे होकायंत्र ज्या कड्यांत टांगतात त्यांचीच मोठी बहीण. दांडा एका बेअरिंगमधून जातो. आणि या सगळ्याच्या भोवती, समुद्राला बाहेर ठेवायला, रबराचा एक भाता असतो. होय, पेटीला असतो तसाच घड्यांचा भाता. पेटीचा भाता फाटला तर फार तर भजन थांबते. हा भाता फाटला की खारे पाणी आधी क्रॉस खाते, मग बेअरिंग खाते, आणि त्याचे तेवढ्याने भागले नाही तर त्याच वाटेने होडीत शिरते. रात्री धक्क्याला बांधलेली होडी सकाळी तळाशी दिसते, ती पुष्कळदा अशीच.

जावईबापूंनी आणलेला जुना भाता मी ओट्यावर ठेवून ताणला. तिसऱ्या घडीत बोटभर चीर. बेअरिंग हाताने फिरवले तर आतून वाळूवरून गाडी गेल्यासारखा आवाज. गुरगुरणारे मांजर सापडले होते.

दुरुस्तीची हकिकत मी फार लांबवीत नाही. भोसरीला माझ्या एका जुन्या सहकाऱ्याची शेड आहे. तिथे आम्ही दोघे म्हाताऱ्यांनी पंधरा दिवस काढले. क्रॉस बदलले, सगळ्या सील आणि रबरी कड्या नव्या घातल्या. पाणी खेचणाऱ्या पंपातला रबरी पंखा बदलला. त्याच्या सहा पाकळ्यांपैकी दोन गळून गेल्या होत्या. जस्ताच्या वड्या नव्या लावल्या. या वड्या म्हणजे मोठा परोपकारी प्रकार. खाऱ्या पाण्यात दोन धातू एकत्र आले की त्यांतला एक झिजतो. पाय अल्युमिनियमचा, तेव्हा त्याच्याआधी झिजायला कोणीतरी हवे, म्हणून जस्त. वडी अर्धी संपली की बदलायची. जावईबापूंच्या होडीच्या मूळ वड्यांवर कोणीतरी हौसेने रंग फासला होता. रंग लावलेली वडी काहीच काम करीत नाही.

चिरंजीव चाकणला मोटारींचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात गुणनियंत्रण खात्यात आहेत. ते एका रविवारी दाब मोजायचे घड्याळ आणि हातपंप घेऊन आले. तेल भरण्याआधी पायात हवा भरायची आणि घड्याळाचा काटा किती वेळ टिकतो ते पाहायचे. काटा पाच मिनिटांत खाली. साबणाचे पाणी लावले, तर पंख्यामागच्या सीलमधून बुडबुडे. नवी सील! चिरंजीव गालात हसले. ती बाहेर काढली तेव्हा दिसले, की पंख्याच्या दांड्यावर मासेमारीचा नायलॉनचा दोरा गुंडाळून त्याने दांड्यावर सुताएवढी खोल चर पाडली होती. चर असलेल्या दांड्यावर कितीही नवी सील बसवा, ती गळणारच. दांडा घासून, नवी सील थोडी पुढे बसवून पुन्हा हवा भरली. काटा अर्धा तास हलला नाही. चिरंजीव म्हणाले, “बाबा, आमच्याकडे हे यंत्र स्वतःच करतं, आणि सेकंदात.” करीत असेल. पण यंत्राला दोऱ्याची चर दिसली असती का, हे त्यांनी सांगितले नाही.

खंडेनवमीला शेडमधल्या लेथला, ड्रिलला झेंडू वाहिले, तेव्हा एक माळ पायालाही घातली. त्याच दिवशी लेथवर मी एक सरळ दांडा कातून पुरा केला. हातभर लांब, हजारांश इंचाच्या हिशेबातला. त्याचे काम पुढे येईल.

कोजागिरीनंतर आम्ही निघालो. टेंपोत पाय, चेनपुली, हत्यारांच्या दोन पेट्या, सौ., आणि चकलीच्या भाजणीचा डबा. कारण यंदाची दिवाळी अक्कासह रेवदंड्यालाच करायची असे ठरले होते. खोपोली, पेण, वडखळ, अलिबाग, आणि मग चौलच्या वाड्यांतून रेवदंडा. पंधराव्या शतकात निकितीन नावाचा रशियन व्यापारी विकायला एक घोडा घेऊन या चौलच्या बंदरात उतरला होता. त्याला वाटेत काय काय सोसावे लागले ते त्याने लिहून ठेवले आहे. वडखळच्या नाक्यावर त्या दिवशी आम्हांला जे सोसावे लागले त्यापुढे ते फार नव्हते.

होडी माडाखाली लाकडी ठोकळ्यांवर उभी होती. जावईबापूंनी वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंतच्या फेऱ्यांचे आगाऊ पैसे घेऊन ठेवले होते. वही मला मोठ्या आनंदाने दाखवली. “सहा दिवसांत पतपेढीचे तीन हप्ते सुटतात, मामा.”

पहिले दोन दिवस भाता बसवण्यात गेले. फळीच्या मागे, डोके खाली आणि पाय वर अशा आसनात, दोन्ही टोके खाचेत बसवायची, पट्टे आवळायचे, आणि भाता कुठे पीळ खात नाही ना ते बोटाने चाचपायचे. सौ.ने चहा दोनदा पाठवला आणि दोनदा थंड नेला. नवे बेअरिंग सरळ ठोकून बसवले. मग आला तो दांडा.

पाय जोडण्यापूर्वी इंजिन आणि बेअरिंग एका रेषेत आहेत की नाहीत ते पाहायचे असते. दांड्याच्या टोकाला ग्रीस लावून तो बाहेरून बेअरिंगमधून आत इंजिनाच्या दातेरी बांगडीत सरकवायचा. दोन बोटांनी आत गेला पाहिजे आणि दोन बोटांनी बाहेर आला पाहिजे. आणि बाहेर आल्यावर ग्रीसवर दात्यांच्या खुणा सगळीकडून सारख्या उमटल्या पाहिजेत. वर गाढ आणि खाली पुसट, म्हणजे इंजिन तिरके. तसेच पाय जोडून चालवले, तर ती बांगडी काही तासांतच दाते खाऊन बसते, आणि तीही नेमकी भर खाडीत.

आमचा दांडा आत जाईना. जावईबापूंनी हातोडी पुढे केली. मी ती पेटीत ठेवली. इंजिनाच्या पुढच्या पायांना उंची कमीजास्त करायचे नट असतात. डाव्या बाजूचा नट दीड फेरा वर घेतला आणि दांडा लोण्यात सुरी जावी तसा आत गेला. खुणा गोल, सारख्या. जावईबापूंनी टाळीच वाजवली. पोरे धावत आली. भाची हात पुसत दारात आली.

मला मात्र तो दीड फेरा पटत नव्हता. ज्या इंजिनाखाली भक्कम आधार आहे, ते एका अंगाला एवढे खाली जायचे कारण काय? मी इंजिनाच्या डाव्या खांद्यावर हात ठेवून अंगाचा भार दिला. मग दांडा ओढून पाहिला. तो अडकला होता. भार काढला, सुटला. पायाचा मोठा स्क्रू पान्याने फिरवला. तो नुसता गरगर फिरला, आणि त्याच्या बुडातून तपकिरी पाणी वर आले. होडीचे अंग फायबरग्लासचे असले तरी इंजिनाखालचे वासे आतून लाकडाचे असतात. स्क्रूची भोके कोणीतरी उघडीच सोडली होती. वर्षानुवर्षे पाणी मुरून लाकूड कुजले होते.

“नट वर घेतलाय ना, मग आता चालेल की,” जावईबापू म्हणाले. “दिवाळी जाऊ दे. नंतर लाकडाचं बघू.”

मी नाही म्हणालो.

वाचकहो, जावयाला नाही म्हणणे हे महाराष्ट्रात यंत्र दुरुस्तीपेक्षा अवघड काम आहे. त्या रात्री पानावर कोणी फारसे बोलले नाही. जेवणानंतर अक्काने मला पडवीत गाठले.

“सणासुदीला जावयाला तोंडघशी पाडतोस? लोकांचे पैसे घेतलेत त्यांनी. पोरीच्या हातात पाटल्या नाहीत, माहीत आहे ना तुला?”

“माहीत आहे.”

“मग? सहा दिवसांचा तर प्रश्न. देवाच्या कृपेनं इतके दिवस चाललीच की.”

अक्काचे बोलणे अगदीच खोटे नव्हते. कुजक्या लाकडावर ती होडी सबंध हंगाम चालली होती. कदाचित आणखी सहा दिवस चाललीही असती. परंतु आता भाता नवा होता, क्रॉस नवे होते, पाय माझ्या हातचा होता. आणि इंजिन हलले की तो सगळा हिसका या नव्या जोडावरच येणार होता. अक्काचे व्याही कोपऱ्यात सुपारी कातरीत बसले होते. ते एवढेच म्हणाले, “आमच्या तालुक्यात ‘रामदास’ची गोष्ट न ऐकलेलं घर नाही.” रेवसला निघालेली ती बोट १७ जुलै १९४७ रोजी बुडाली, सहाशेहून अधिक माणसे गेली. ती गेली वादळाने आणि लाटेने. तिच्या इंजिनाचा त्यात दोष नव्हता, आणि आमच्या होडीत बसणार होती जेमतेम सहा माणसे. हे मी बोललो नाही. सहा माणसांपैकी एकाच्याही घरी हा हिशेब सांगता आला नसता.

निकाल लावला तो भाचीने. ती आतून आली आणि नवऱ्याला म्हणाली, “दर रविवारी आपली दोन्ही पोरं त्या होडीत पुढं बसतात. मामा बस म्हणेल तेव्हाच बसतील. पाहुण्यांचे पैसे मी सकाळी फोन करून परत करते.”

जावईबापू उठून बाहेर गेले. माडाखाली बराच वेळ बॅटरीचा उजेड हलताना दिसत होता. सकाळी सहाला ते होड्या बांधणाऱ्या एका वृद्ध कोळी सुताराला घेऊन आले, ते मी उठायच्या आत.

त्या बाबांनी एक लहान हातोडी काढली आणि दोन्ही वासे टोकापासून टोकापर्यंत वाजवले. टण्, टण्, टण्... बद्द. परत मागे. टण्. त्यांनी खडूने दोन रेघा मारल्या. कूज डाव्या वाशात हातभरच होती. उजवा वासा ठणठणीत. आमच्या कारखान्यात ध्वनिलहरींनी पोकळी शोधायचे यंत्र होते. त्याला कुलूप असे आणि ते वापरायला फॉर्म भरावा लागे.

तीन वाशांची तिकटी करून चेनपुलीने इंजिन उचलले. कुजका भाग कापला. लाकूड मुठीत दाबले तर पाणी गळत होते. उरलेला वासा दोन दिवस उन्हात आणि पंख्याखाली वाळवला. सागवानी ठोकळा राळेत भिजवून बसवला, त्यावर काचतंतूचे थर दिले. राळ पक्की वाळेपर्यंत कोणी हात लावायचा नाही, असा बाबांचा हुकूम. स्क्रूची भोकेही आधी राळेने भरून मगच त्यांत स्क्रू पिळले. वसुबारस गेली. धनत्रयोदशी गेली. नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान आटोपून मी इंजिन खाली बसवले, आणि नट मधोमध असतानाच दांडा दोन बोटांनी आत गेला. या वेळी जावईबापूंनी स्वतः इंजिनाच्या खांद्यावर भार देऊन पाहिला. दांडा हलता राहिला.

मग पाय जोडणे म्हणजे तासाभराचे काम. दात्यांना ग्रीस, रबरी कड्यांना ग्रीस. गिअर पुढच्या चालीत. चेनपुलीवर टांगलेला पाय एकाने सरळ धरायचा, दुसऱ्याने हळूहळू आत लोटायचा, आणि दाते अडले की पंखा किंचित फिरवायचा. जोर करायचा नाही. खट् असा बारीक आवाज येतो आणि पाय फळीला भिडतो. सहा नट, समोरासमोरचे आळीपाळीने, शेवटी चिरंजिवांच्या पान्याने ५० फूट-पाउंड. त्या जातीच्या पायाला तेवढेच सांगितलेले आहे. तेल खालच्या भोकातून भरायचे, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत, म्हणजे हवा अडकत नाही. वरून ओतणारे पुष्कळ असतात. त्यांचा पाय अर्धा रिकामा राहतो, आणि त्यांना ते कळते तेव्हा दातेरी चाके निळी पडलेली असतात.

होडी पाण्यात न्यायला भरती हवी. कोकणात यासाठी घड्याळ लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पाडव्याची तिथी एक, तेव्हा पाऊण वाजता. दुपारी बाराला ओवाळणी उरकून सगळे घर खाडीवर. तळाचे बूच घट्ट आहे ना हे मी तीनदा पाहिले. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती होडीच्या तळाशी साचते. म्हणून किल्ली फिरवण्याआधी वाफ खेचणारा पंखा चार मिनिटे चालवला. त्या चार मिनिटांइतकी शांतता मी सबंध दिवाळीत ऐकली नाही.

इंजिन सुरू झाले. मी आणि जावईबापू, दोघेच. पोरांना रडू दिले. प्रवासी होड्यांची वाट सोडून कोर्लईच्या बाजूला मोकळ्या पाण्यात गेलो. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईच्या बंदरात इंजिनाची चाचणी घेणारी नौदलाची एक वेगवान होडी ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली आणि डझनाहून अधिक माणसे गेली. तेव्हापासून नव्याने जोडलेले यंत्र गर्दीत पाहू नये, हे मला कोणी सांगावे लागत नाही. हळू चाल, पुढे, मागे. मग जावईबापूंनी सुकाणूचे चाक डावीकडे पूर्ण वळवले. आम्ही दोघांनी कान लावले. पाण्याचा आवाज, इंजिनाचा आवाज. उजवीकडे वळवले. तेच. मी इंजिनाचे झाकण उघडून भात्याच्या मागे, फळीच्या तळाशी कोरडे फडके फिरवले आणि ते जावईबापूंच्या हातात दिले. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिले, गालाला लावून पाहिले. कोरडे.

“मामा,” ते म्हणाले, “त्या रात्री मी फार रागावलो होतो.”

“मला दिसत होतं. बॅटरीचे सेल संपवलेत तुम्ही.”

भाऊबीजेच्या दिवशी चार फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत पोरे पुढे बसली. सहा दिवसांच्या वहीतला हा एकच दिवस उरला होता. पतपेढीचा एक हप्ता सुटला, दोन राहिले. त्यांना आता नाताळची वाट पाहावी लागेल. अक्काने मला ओवाळताना ताटात काय पडते याकडे नेहमीप्रमाणे बारीक लक्ष ठेवले. पण चकल्या मात्र माझ्या डब्यात जास्त भरल्या.

निघण्यापूर्वी मी सहाही नट पुन्हा तपासले आणि पायातले थोडे तेल काढून पाहिले. दुधाळ चहासारखे दिसले की समजावे, पाणी शिरले. आमचे तेल मधासारखे स्वच्छ होते. इंजिनाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला जावईबापूंनी पेन्सिलीने भाता बसवल्याची तारीख लिहिली आहे, आणि तिच्याखाली पुढच्या ज्येष्ठाची एक तारीख. त्या दिवशी पाय पुन्हा उतरवायचा आहे. दांडा मी तिथेच ठेवून आलो आहे, तेल लावून, फडक्यात गुंडाळून. भाचीने तो देवघराच्या फळीवर ठेवला आहे.